यंदाच्या दिवाळीला पुस्तक येणार नाही

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवाचं, सामान घेत होते. आंबाडे घेतले, कवंडळं घेतली, सुपारीचं शिपटं, म्हणजे घड, घरचंच होतं. तोरिंजन तेवढं मनासारखं मिळेना. मागून आवाज आला, "गो, दिवाळीक पुस्तक येता मगो?" आमच्या गावच्या शाळेतल्या बाई, आता निवृत्त. माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या त्यांनी दोन प्रती घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक मुंबईच्या भाचीला. मी म्हटलं, "येता बाई, येता."

तेव्हा माझी तशीच खात्री होती. अनंत चतुर्दशीच्या आत मात्र निर्णय बदलावा लागला. कादंबरी दिवाळीला येणार नाही. ती माघात येईल, अंत्रुज महालातल्या, म्हणजे आमच्या फोंडा तालुक्यातल्या, जत्रांच्या दिवसांत. ज्या सदतीस जणांनी आगाऊ पैसे भरले होते, त्यांना मी एकेकाला फोन करून सांगितलं आणि हवे तर पैसे परत घ्या म्हटलं. दोघांनी घेतले, आणि त्यात वावगं काहीच नाही. म्हापशाचे एक काका म्हणाले, "बाय, माघांत दी, पूण बरें दी." त्या एका वाक्याने मला फार बळ दिलं. इतरांसाठी, आणि माझ्यासारखं स्वतःचं पुस्तक स्वतः काढायच्या खटपटीत असलेल्यांसाठी, हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

दिवाळीची ओढ मराठी लिहिणाऱ्याला असतेच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी म्हणजे नवं वाचायला मिळणार हे आपल्या अंगात मुरलं आहे. त्यामुळे पुस्तकही दिवाळीलाच यावं असं वाटतं. पण आमच्याकडे दिवाळीची आदली रात्र नरकासुराची आणि सकाळ पोह्यांची. दुधातले, ताकातले, रसातले, फोडणीचे असे पोहे घरोघरी होतात, माणसं येतात-जातात, आणि त्या गडबडीत पुस्तकाला कुणी हात लावत नाही. गोव्यात पुस्तक हातात घेतलं जातं ते दोनदा. एक म्हणजे पाऊस लागून राहिला की, आणि दुसरं जत्रेत फिरताना. हे मला पहिल्या पुस्तकाने शिकवलं.

ते पुस्तक मी २०२२च्या दिवाळीसाठी घाईने भाद्रपदात छापून घेतलं. तीनशे प्रती. खोकी आली तेव्हा धो धो पाऊस होता. प्रती मी सोप्यावर रचून ठेवल्या आणि आठवड्याच्या आत वरच्या थरातल्या कव्हरांचे कोपरे वर वळायला लागले. आधी वाटलं बाइंडिंग खराब झालं. मग छपाईतल्या एका जुन्या माणसाने समजावलं. मॅट लॅमिनेशन कव्हरच्या बाहेरच्या अंगालाच असतं. ती बाजू हवेतला ओलावा घेत नाही. आतली कागदाची बाजू घेते, फुगते आणि कव्हर बाहेर वळतं. कोकणातल्या भाद्रपदात हवेला ओल नसेल तर कधी असेल! मग पाट घाला, त्यावर वरवंटा ठेवा, असं करत त्या प्रती सरळ केल्या. आता उरलेल्या चौसष्ट प्रती माजघरात लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्या आहेत आणि वाळवीच्या भीतीने दर महिन्याला खोकी उघडून बघते. तेव्हाच ठरवलं होतं की यापुढे पावसात छापायचं नाही. तरी यंदा पुन्हा तीच घाई करायला निघाले होते, आणि आईने मला थांबवलं.

आमच्या घरात बोलायची भाषा कोंकणी आणि वाचायची मराठी. अंत्रुजात कितीतरी घरांत हे असंच आहे. आई रागावते कोंकणीत, पोथी वाचते मराठीत, वाण्याची यादी लिहिते मराठीत आणि तीच यादी फोनवर सांगते कोंकणीत. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणी गोव्याची राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही सोय त्यात ठेवली गेली. त्यावरचे वाद मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. पण आईच्या दिवसात या दोन्ही भाषा आपापल्या कामाला हजर असतात. माझ्या लिहिण्याची पहिली वाचक तीच. वय चौऱ्याहत्तर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचते.

कादंबरीचं पहिलं मुद्रित, म्हणजे तपासायची छापील पानं, जुलैत आलं, २५६ पानांचं. मी ते दोनदा तपासलं. पतसंस्थेतल्या नोकरीमुळे मला पहाटेचे साडेचार ते साडेसहा एवढाच वेळ मिळतो, तो जवळजवळ महिनाभर त्यात गेला. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, अनुस्वार पाहिले, वाक्यं घट्ट केली, एक अख्खं प्रकरण मागेपुढे केलं. आता काही राहिलं नाही अशा समाधानात चवथ झाली. पाचव्या दिवशी गणपती पोचवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई सोप्यावर मुद्रित घेऊन बसली. मी आत माटोळीच्या काठ्या पुसून बांधत होते. नवव्या प्रकरणात तिचा आवाज थांबला.

"घाटांत दर्या खंयसून आयलो गो?"

मी बाहेर आले. मी लिहिलं होतं, "चोर्ल्याहून खाली पाहिलं तर दऱ्या धुक्याने काठोकाठ भरल्या होत्या." छापलं होतं, "दर्या धुक्याने काठोकाठ भरल्या होत्या." दोनदा तपासताना माझी नजर त्यावरून सरळ पुढे गेली होती, कारण मला तिथे काय आहे हे आधीच ठाऊक होतं. शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनानेही काही दाखवलं नाही, दर्या हा चांगला शब्दच आहे. आईला मात्र ओळ नवी होती. तिच्या डोळ्यांपुढे सत्तरी तालुक्यातला घाट होता आणि त्यात समुद्र शिरला होता.

मी तिच्याकडून कागद घेतले आणि आधीची पानं चाळायला लागले. सुपाऱ्या सगळीकडे "सुपार्या" झाल्या होत्या. देवळाच्या पायऱ्या "पायर्या". जेवणाच्या पंगतीत आचाऱ्यांना विडा दिला होता, तो छापात आचार्यांना गेला होता. आणि माझं माहेर, सावई वेरे, तिथे "वेऱ्याचं" होतं ते "वेर्याचं" झालं होतं. स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं छापलेलं बघताना पोटात काय होतं ते सांगता येत नाही.

झालं होतं ते असं. मी लिहिते युनिकोडमध्ये, अर्धं मोबाइलवर आणि अर्धं लॅपटॉपवर. अक्षरजुळणी जिथे केली तिथे पानं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लावतात, म्हणून माझा मजकूर आधी कन्व्हर्टरमधून जातो. आपला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. माझ्या जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने लिहितो. कन्व्हर्टरने ते न दिसणारं चिन्ह गाळलं की उरतो साधा र आणि हलन्त, आणि त्याचा होतो रफार. मोबाइलवर लिहिलेली प्रकरणं म्हणूनच बरीच वाचली होती आणि लॅपटॉपवरची सगळी बिघडली होती.

मूळ फाइलवरून पुन्हा सुरुवात का केली नाही, असं मला तिघांनी विचारलं. करता आली असती, पण महिनाभराच्या दुरुस्त्या मी छापील कागदावर केल्या होत्या आणि त्या तिकडच्या फाइलमध्ये चढल्या होत्या. माझ्याकडची फाइल जूनमधलीच राहिली होती. दुरुस्ती आधी आपल्या फाइलमध्ये करायची आणि मग कागद पाठवायचा, ही शिस्त आता मी लावून घेतली आहे, आणि तुम्हीही पहिल्या दिवसापासून लावून घ्या असं आग्रहाने सांगते.

शेवटी तो मजकूर उलटा युनिकोडमध्ये आणून घेतला. त्यात "र्य" शोधलं तर १,२६४ जागा निघाल्या. एका झटक्यात सगळ्या बदलून टाकाव्यात तर सूर्य, मर्यादा, आश्चर्य, पर्याय हे शब्दही त्यात आहेत, ते बिघडतील. म्हणजे एकेक जागा डोळ्यांनी बघायची. मोजून ९१२ ठिकाणी चूक निघाली. पहाटे तीसेक जागा होतात. दुरुस्त करताना ती ओळ पूर्ण वाचते, आणि खरं सांगते, या निमित्ताने कादंबरी इतकी सावकाश मी पहिल्यांदाच वाचते आहे. काही वाक्यं मुळातच जायला हवी होती, ती आता जातात.

या कामात बसलेली असताना मला रायतूर आठवतं. गोव्यात छापखाना १५५६ साली आला, देशातला पहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली सासष्टीत रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण मराठीचे खिळे तेव्हा नव्हते. आपल्या मातीत, आपल्या भाषेत लिहिलेल्या हजारो ओव्या दुसऱ्याच अक्षरांत. आज माझ्या खिशातल्या फोनमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर आहे. चारशे वर्षांनी ती अक्षरं हाताशी आली असताना दऱ्यांचा दर्या होऊ देणं मला पटलं नाही. दिवाळी गेली तरी चालेल, हे तिथेच ठरलं.

निर्णय झाल्यावर आणखी एक गोष्ट हाती लागली, जी घाईत तशीच राहिली असती. पुण्याची माझी एक मैत्रीण मुद्रितशोधनाचं काम करते. तिला मी तीन प्रकरणं पाठवली. तिने एका ठिकाणी समासात लिहिलं, "घराला माडी आहे का? आधी कौलारू, एकमजली म्हटलंय." वाक्य होतं, "पाडेली माडीवर चढला." मला दोन मिनिटं कळेचना तिला काय खटकलं ते. आमच्याकडे नारळाचं झाड तो माड आणि सुपारीचं झाड ती माडी. कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, वाढलेल्या माणसाला माडी म्हटल्यावर सरळ, सडसडीत, करड्या पट्ट्यांचं खोड दिसतं. पुण्यात माडी म्हणजे घराचा वरचा मजला. माझा पाडेली, म्हणजे नारळ-सुपारी पाडणारा माणूस, तिच्या डोळ्यांपुढे जिना चढून वर गेला होता.

अशा चौदा जागा होत्या. तळटीप द्यायची नाही असं माझं पहिल्यापासून मत आहे. गोष्टीत बुडालेल्या वाचकाला हाताला धरून पानाच्या तळाशी न्यायचं आणि परत आणायचं, यात काहीतरी तुटतं. शब्द बदलावा, तर सुपारीचं झाड असं कुळागरात कुणी म्हणत नाही. मग मी पहिल्याच प्रकरणात एक वाक्य घातलं. नायिका सहा वर्षांची आहे, पाटाच्या कडेने चालताना ती एका माडीला मिठी मारते आणि वर शेंड्याकडे बघते, सुपारीची शिपटं हिरवी आहेत की पिकली ते. एवढं वाचल्यावर पुढच्या चौदा जागी काही समजवावं लागत नाही. मैत्रिणीने ते वाचून लिहिलं, "आता दिसली."

संवादांवर मात्र आमचं जमलं नाही. तिचं म्हणणं, माणसं कोंकणीत बोलतात तिथे सोपं मराठी करावं, महाराष्ट्रातला वाचक अडखळतो. तिची तळमळ खरी आहे, आणि लांब वाक्यं मी तिच्या सांगण्यावरून वळवलीही. पण पाडेली वरून ओरडतो, "पयस राव!" तिथे तिने "लांब उभी राहा गं" सुचवलं होतं. तीस हात उंचीवर, एका हाताने झावळ धरलेल्या माणसाच्या छातीत तेवढेच दोन शब्द असतात. लगेच पुढच्या ओळीत नारळ धपकन पडतो. अर्थ नारळ सांगतो. ते मी तसंच ठेवलं आहे.

तिसरी दुरुस्ती माझ्या अज्ञानाची. कादंबरीतला पाडेली भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारा मुंडकार आहे. पहिल्या खर्ड्यात मी त्याचा आणि भाटकाराचा वाद १९७०च्या चवथीत घातला होता आणि तो कायद्याचं नाव घेऊन बोलतो असं लिहिलं होतं. मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारे गोव्याचे कायदे १९७१ आणि १९७५चे आहेत. लहानपणापासून घरात "मुंडकार कायदो" हा शब्द इतका ऐकला होता की तो कायमच होता असं धरून चालले. पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात दोन शनिवार बसले तेव्हा लक्षात आलं. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. तिथल्या टेबलाशी बसून जुनी वर्तमानपत्रं उलटताना वेळ कसा जातो कळत नाही. कायद्याआधीच्या वर्षांत त्या माणसाच्या हातात कायद्याचा कागद नव्हता, तर मग तो कशाच्या बळावर उभा राहिला? हा प्रश्न पडला आणि ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आता त्या वादात तो कायदा बोलत नाही. आपल्या आजोबांनी लावलेले माड एकेक करून मोजतो. सबंध पुस्तकात मला ते पान सगळ्यात जास्त आवडतं, आणि दिवाळीची तारीख पाळली असती तर ते लिहूनच झालं नसतं.

आता छपाईचं. नव्या जुळणीत पानं २४६ होत आहेत. पुस्तक छापलं जातं सोळा पानांच्या फर्म्यात. पंधरा फर्मे म्हणजे २४०, सोळा म्हणजे २५६. २४६ला छापलं तर दहा पानं कोरी जातात आणि पैसे सोळा फर्म्यांचे. म्हणून सहा पानं काढते आहे. लग्नाच्या प्रकरणातलं जेवणावळीचं वर्णन लांबलं होतं, ते निम्मं केलं. आईला ते आवडलेलं नाही, तिला त्यातली खतखत्याची ओळ हवी होती. ती ठेवली.

कागद ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅमचा, पिवळसर झाकेचा, डोळ्यांना त्रास न देणारा. आकार डेमी. शिलाई करून बाइंडिंग घ्यायचं आहे, कारण पहिल्या पुस्तकाची नुसत्या गोंदावरची पानं दोघांच्या हातात सुटली. प्रतीमागे थोडा खर्च वाढेल, वाढू दे. प्रती अडीचशेच. पहिल्या तीनशेपैकी १७८ विकल्या, ५८ भेट आणि ग्रंथालयांना गेल्या, बाकीच्या घरात आहेत. या हिशोबात पाचशेचं धाडस बसत नाही. संपल्या तर पुन्हा छापता येतील.

दुकानात पुस्तक ठेवलं की किमतीतले चाळीस टक्के दुकानदाराचे, आणि त्याचंही भाडं-पगार असतात हे मला मान्य आहे. पण माझ्या १७८पैकी एक्केचाळीस प्रती जत्रेच्या दोन रात्रींत गेल्या होत्या. खाज्याच्या दुकानाशेजारी एका ओळखीच्या माणसाने त्याच्या टेबलाचा कोपरा दिला. नाटकाचा दुसरा अंक संपला की माणसं चहाला बाहेर पडतात. तेव्हा एक आजोबा आले, पुस्तक बल्बखाली धरलं, उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि म्हणाले, "हें आमच्या वाठारांतलें." पाकीट काढलं, पैसे दिले, पुस्तक सदऱ्यात खुपसलं आणि तिसऱ्या अंकाला गेले. माघ निवडण्याचं ते एक मोठं कारण आहे.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासाठी, कुणाला पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो फुकट देते, अर्ज ऑनलाइन होतो आणि लेखक स्वतःच्या नावाने करू शकतो. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मी दोन्ही मागणार आहे. पहिल्या वेळी मला बरेच दिवस थांबावं लागलं होतं, म्हणून अर्ज कव्हर तयार होताच, छपाईच्या पुष्कळ आधी करीन.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली. पुस्तक आपणच काढलं की प्रकाशक आपणच. गेल्या वेळी मला हे आठ महिन्यांनी कळलं आणि तेव्हा पाठवल्या. या वेळी चार पाकिटं छपाईच्या आधीच पत्ते घालून ठेवणार आहे. आपण गेल्यावरही आपल्या गावाची गोष्ट कोलकात्याच्या एका फळीवर असेल, हा विचार मला फार धीर देतो.

टपालाचा प्रश्न थोडा सुटला आहे. २०२५च्या मे महिन्यात टपाल खात्याने पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केलं. ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, वर कर. २५६ पानांची चाचणी प्रत पाकिटासकट काट्यावर तीनशेच्या थोडी वर गेली होती, पंधरा फर्म्यांची आत बसेल. पानं काही त्यासाठी कापली नाहीत, पण बसते आहे हे बरंच. पुस्तक सावकाश पोचतं, तेव्हा परगावच्यांनी आठ-दहा दिवस धरावेत.

पुढचं वेळापत्रक असं धरलं आहे. आश्विनात उरलेल्या जागा संपवायच्या. दिवाळीनंतर नवं मुद्रित काढून ते आईच्या हातात द्यायचं, या वेळी माझ्याआधी तिच्या. तुळशीचं लग्न झालं की हवा कोरडी होते, तेव्हा पाच चाचणी प्रती काढायच्या आणि त्यातल्या दोन पंधरा दिवस सोप्यावर उघड्या ठेवून कव्हर वळतं का ते बघायचं. मार्गशीर्षात छपाई. पौषात खोकी घरी. माघात गावच्या वाचनालयात एक संध्याकाळ वाचन. हार-तुरे, प्रमुख पाहुणे काही नकोत, पेट्रोमॅक्सच्या काळात आजोबा रामायण वाचायचे तसं एक प्रकरण मी वाचीन आणि एक आई वाचील. तिने अजून हो म्हटलेलं नाही. ई-पुस्तक फाल्गुनात.

दिवाळीला माझं काहीच नसेल असंही नाही. जूनमध्ये पाठवलेली एक कथा एका दिवाळी अंकाने घेतली आहे. पेडण्याच्या एका होडीवाल्याची, मासेमारी बंदीच्या एकसष्ट दिवसांतली, जेव्हा होड्या वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात आणि पुरुष दिवसभर जाळी विणत बसतात. अंक हाती आला की कळवीन. त्या कथेच्या फाइलमध्येही मागाहून "र्य" शोधून कळवलं, दोन सापडले.

सत्तरीवर एक नवा कथासंग्रह मनात आहे. वाळपईला तीन वेळा जाऊन आले, दोन वह्या भरल्या. तो कधी येईल ते आत्ता सांगत नाही. बाजारात कुणी विचारलं तरी तिथल्या तिथे "येता" म्हणायचं नाही, असं ठरवलं आहे.

शाळेतल्या बाईंकडे परवा घरी जाऊन आले. त्यांना सगळं सांगितलं, मुद्रितातली ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली, मग पेन मागितलं आणि रफार खोडून त्याच्या जागी हाताने तो अर्धा र काढला, फळ्यावर काढायच्या तसा, गोल आणि ठसठशीत. तो कागद मी टेबलासमोर चिकटवला आहे.

आजपर्यंत ६११ जागा झाल्या, ३०१ राहिल्या. उद्या पहाटे पान १७१. त्या एका पानावर सुपाऱ्या चार वेळा आल्या आहेत.